हात, टेकू आणि वायू : मोटारीच्या बॉनेटच्या आधाराचा इतिहास

गोषवारा

मोटारीचे उघडलेले बॉनेट कशावर टिकून राहते, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा सुमारे सव्वाशे वर्षांचा इतिहास मांडला आहे. हाताने उलटून ठेवायचे झाकण, सळईचा टेकू, पोलादी स्प्रिंग आणि दाबलेल्या नायट्रोजनवर चालणारा गॅस स्ट्रट असे या इतिहासाचे टप्पे आहेत. प्रत्येक टप्प्यावर भार पेलण्याचे काम माणसाकडून यंत्राकडे सरकत गेले. त्याचबरोबर आधार निकामी होत असल्याची खूण डोळ्यांआड होत गेली. या बदलाची किंमत बॉनेटखाली वाकून काम करणाऱ्या कारागिराला मोजावी लागते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : बॉनेट, टेकू, गॅस स्ट्रट, बॉइलचा नियम, देखभाल, कारागिराची सुरक्षितता.

प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष सहसा इंजिन, विद्युत्शक्ती, रेल्वे यांसारख्या मोठ्या शोधांकडे जाते. लहान भागांचा इतिहास त्यांच्या सावलीत राहतो. मात्र माणूस आणि यंत्र यांचा प्रत्यक्ष संबंध अनेकदा अशा लहान भागांपाशीच येतो. मोटारीचे इंजिन कसे चालते हे चालकाला ठाऊक नसले तरी चालते. परंतु त्या इंजिनावरचे झाकण उचलून धरले की त्याचे वजन त्याच्या हाताला कळते.

भार टेकूवर पेलण्याची कल्पना मराठी माणसाला नवी नाही. बैल सोडल्यावर गाडीच्या जुवाखाली लावलेला टेकू, मांडवाच्या झुकलेल्या आडव्याला दिलेला धिरा, किंवा श्रीकृष्णाने गोवर्धन उचलला असता गोपांनी खालून लावलेल्या काठ्या, या साऱ्यांत एक समान सूत्र आहे. आधार डोळ्यांना दिसतो, आणि तो डगमगू लागला तर तेही दिसते. मोटारीच्या बॉनेटचा आधार प्रदीर्घ काळ याच जातीचा होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याच्या जागी आलेला गॅस स्ट्रट मात्र वेगळ्या जातीचा आहे. तो भार पेलतो, पण किती पेलतो आणि आणखी किती दिवस पेलू शकेल, हे त्याच्याकडे पाहून सांगता येत नाही. या स्थित्यंतराची कारणे आणि परिणाम तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

१. झाकण होते, ओझे नव्हते

कार्ल बेंझ यांच्या १८८६ च्या तीनचाकी मोटारीत इंजिन बैठकीखाली, मागच्या बाजूस होते. त्यामुळे आजच्या अर्थाने बॉनेट नव्हतेच. १८९१ च्या सुमारास फ्रान्समधील पानार-लव्हासॉर या कारखान्याने इंजिन पुढे, त्यामागे गतिपेटी आणि मागची चाके चालती अशी मांडणी स्वीकारली. ही मांडणी पुढे रूढ झाली आणि इंजिनावर एक पेटी बसवणे ओघानेच आले.

या काळातील बॉनेटचे उत्तम उदाहरण म्हणजे १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींहून अधिक संख्येने तयार झालेली फोर्डची ‘मॉडेल टी’. तिचे बॉनेट अरुंद होते. मध्यभागी लांबीच्या दिशेने बिजागरी असे आणि दोन्ही बाजूंचे पत्रे पाखरांच्या पंखांसारखे वर उचलले जात. एका बाजूचा पत्रा उचलून दुसऱ्या बाजूवर उलटा टाकला की काम सुरू करता येई. पत्र्याचे वजन थोडे आणि त्याची विसाव्याची जागा गाडीवरच, त्यामुळे स्वतंत्र आधाराची गरजच नव्हती. स्पार्क प्लग स्वच्छ करणे, कार्ब्युरेटरची जुळणी करणे, प्रज्वलनाच्या वेळेत सुधारणा करणे ही कामे मालक किंवा चालक वरचेवर करीत असे. बॉनेट उघडणे हा मोटार चालवण्याचाच एक भाग होता.

२. एकसंध बॉनेट आणि आधाराची निकड

१९३० च्या दशकात मोटारीचे बाह्यरूप बदलले. दाबयंत्रावर मोठे पोलादी पत्रे एकसंध घडवता येऊ लागले. चाकांवरील मडगार्ड, पुढची जाळी आणि इंजिनाची पेटी हे पूर्वी सुटे असलेले भाग एकमेकांत मिसळू लागले. वाऱ्याला कमी अडथळा करणारा आकार लोकांना भावू लागला. या बदलात दोन पंखांचे बॉनेट मागे पडून मागच्या बाजूस बिजागरी असलेले, पुढून उघडणारे एकसंध झाकण आले. अमेरिकेत त्याला मगरीच्या जबड्याची उपमा मिळाली. १९३६ च्या लिंकन-झेफिर आणि १९३७ च्या फोर्ड मोटारींत हे रूप दिसते.

हा बदल दिसायला सौंदर्याचा असला तरी यांत्रिकदृष्ट्या तो मूलगामी होता. दोन हलक्या पत्र्यांच्या जागी एक रुंद आणि जड पत्रा आला. त्याला विसावण्यासाठी गाडीवर जागा उरली नाही. तो हवेतच धरून ठेवणे भाग पडले. बॉनेटच्या आधाराचा प्रश्न अशा रीतीने देखणेपणातून जन्माला आला.

या प्रश्नाची दोन उत्तरे पुढे आली. पहिले उत्तर सळईच्या टेकूचे होते. एका टोकाशी फिरणारी पोलादी सळई उचलून तिचे दुसरे टोक बॉनेटच्या खाचेत अडकवायचे, एवढीच तिची कृती. तिला किंमत जवळपास नाही आणि तिच्यात बिघडण्यासारखे फारसे काही नाही. दुसरे उत्तर तोल साधण्याचे होते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अनेक अमेरिकन मोटारींत बिजागरीलाच जाड गुंडाळीच्या स्प्रिंगा जोडल्या जात. बॉनेट मिटताना स्प्रिंग ताणली जाई आणि उघडताना साठवलेले बल परत देई. माणसाने थोडासा हातभार लावला की बॉनेट वर जाई आणि तेथेच थांबे. या रचनेसाठी बिजागरी भक्कम आणि इंजिनाच्या कोनाड्यात जागा ऐसपैस लागे. युरोप व जपानच्या लहान मोटारींना हे दोन्ही परवडण्यासारखे नव्हते. तेथे टेकूच टिकून राहिला.

याच काळात एक वेगळी वाट चोखाळणाऱ्या मोटारीही झाल्या. १९६१ मध्ये जिनिव्हा येथे सादर झालेल्या जग्वार ई-टाइपचा जवळजवळ संपूर्ण पुढचा भाग बॉनेट म्हणून पुढच्या बाजूस कलत असे. तथापि अशी उदाहरणे मोजकीच राहिली.

३. हवेची स्प्रिंग : तीनशे वर्षांचे अंतर

गॅस स्ट्रटमागील तत्त्व मोटारीपेक्षा फार जुने आहे. रॉबर्ट बॉइल यांनी १६६० मध्ये हवेच्या स्प्रिंगविषयीचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. ‘स्प्रिंग’ हा शब्द त्यांनी ग्रंथाच्या शीर्षकातच योजला होता. दाबलेली आणि सोडताच पुन्हा फुगणारी लोकर डोळ्यांसमोर आणून त्यांनी हवेचा स्वभाव समजावून सांगितला. १६६२ च्या दुसऱ्या आवृत्तीत दाब आणि आकारमान यांच्या व्यस्त प्रमाणाचा नियम आला. या प्रयोगांसाठी लागणारा हवेचा पंप सिद्ध करण्यात त्यांचे तरुण साहाय्यक रॉबर्ट हूक यांचा मोठा वाटा होता. याच हूक यांनी पुढे १६७८ मध्ये घन पदार्थांच्या स्थितिस्थापकतेचा आपला नियम मांडला. पोलादी स्प्रिंग आणि वायूची स्प्रिंग या बॉनेटच्या दोन प्रतिस्पर्धी आधारांची तत्त्वे अशी एकाच प्रयोगशाळेच्या परंपरेतून निघाली.

पोलादी स्प्रिंग लवकरच कुलपांत, घड्याळांत, गाड्यांत रुळली. वायूची स्प्रिंग मात्र सर्वसामान्य वापरात यायला सुमारे तीनशे वर्षे लागली. जर्मनीतील कोब्लेन्झ येथे १९३४ मध्ये स्थापन झालेल्या स्टाबिलुस या कंपनीने गॅस स्प्रिंगचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन १९६२ मध्ये सुरू केले. बॉइल यांचा नियम १६६२ चा. हा मेळ योगायोगाचा असला तरी एका महत्त्वाच्या प्रश्नाकडे तो लक्ष वेधतो. तत्त्व ज्ञात असूनही वस्तू इतकी का रखडली?

याचे उत्तर तत्त्वात नसून साहित्यात आहे. वायू दाबून ठेवणे सोपे आहे. हलत्या दांड्याभोवतून तो वर्षानुवर्षे निसटू न देणे अवघड आहे. त्यासाठी तीन गोष्टी जुळून याव्या लागल्या. पहिली, तेल आणि धातू यांच्याशी न झगडणारा स्वस्त वायू. कार्ल फॉन लिंडे यांनी १८९५ मध्ये हवा द्रवरूप करण्याची औद्योगिक रीत सिद्ध केली आणि पुढे हवेतून नायट्रोजन वेगळा काढणे सुकर झाले. साधी हवा भरली असती तर तिच्यातील ऑक्सिजन व बाष्प यांनी आतला भाग गंजला असता, आणि उच्च दाबाखाली तेल पेट घेण्याचाही धोका राहिला असता. दुसरी गोष्ट, तेलाने न फुगणारे रबर. १९३० च्या दशकात जर्मनीत विकसित झालेल्या नायट्राइल रबराने ही गरज भागवली. तिसरी, सीलवर लाखो वेळा घासूनही ओरखडा न पडणारा गुळगुळीत दांडा. १९२० च्या दशकात औद्योगिक वापरात आलेल्या कठीण क्रोमच्या मुलाम्याने तो शक्य केला.

या तिन्हींचा मोटारीत एकत्रित उपयोग गॅस स्ट्रटच्या आधीच सुरू झाला होता. १९५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात अवतरलेली सिट्रोएन डीएस नायट्रोजनने भरलेल्या गोलकांवर तोललेली होती. त्याच दशकात फ्रेंच अभियंते क्रिस्तियाँ बूर्सिए द कार्बाँ यांनी दाबाखालील वायूचा उपयोग करणारा एकनळी शॉक ॲब्सॉर्बर सिद्ध केला. रस्त्याचे धक्के सोसणाऱ्या या साधनांनी मिळवून दिलेला अनुभव झाकण तोलणाऱ्या साधनाच्या कामी आला, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

४. गॅस स्ट्रटची रचना

गॅरेजमध्ये गॅस स्ट्रटलाही सरसकट ‘शॉकर’ म्हणतात. नळकांडे, दट्ट्या, दांडा आणि तेल हे घटक दोहोंत सारखेच असल्याने हे नाव स्वाभाविक आहे. कार्य मात्र भिन्न आहे. शॉक ॲब्सॉर्बर प्रामुख्याने हालचालीला विरोध करतो. गॅस स्ट्रट बाहेरच्या बाजूस सतत ढकलत राहतो.

त्याच्या रचनेत एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट आहे. नळकांड्यातील दट्ट्याला बारीक छिद्र असते, त्यामुळे त्याच्या दोन्ही बाजूंना वायूचा दाब समान राहतो. असे असूनही दांडा बाहेर ढकलला जातो, कारण दट्ट्याच्या एका बाजूचे काही क्षेत्रफळ दांड्याने व्यापलेले असते आणि तेवढ्या भागावर वायूचा प्रतिदाब नसतो. म्हणून स्ट्रटचे बल म्हणजे आतील दाब आणि दांड्याच्या छेदाचे क्षेत्रफळ यांचा गुणाकार होय. दांड्याचा व्यास ८ मिलिमीटर असेल तर त्याचा छेद सुमारे ५० चौरस मिलिमीटर भरतो. त्यातून २०० न्यूटन बल हवे असल्यास आतील दाब वातावरणाच्या सुमारे चाळीसपट ठेवावा लागतो. करंगळीएवढ्या जाडीच्या दांड्यामागे एवढा दाब दडलेला असतो, हे बाहेरून जाणवत नाही.

दट्ट्यातील छिद्र हालचाल संथ करते. आत थोडे तेल असते. दांडा खालच्या बाजूस ठेवून स्ट्रट बसवल्यास हे तेल सीलपाशी साचते, सील ओले राहते आणि उघडण्याच्या अखेरीस येणारा हिसका मऊ होतो. स्ट्रट उलटा बसवला तर सील कोरडे पडून वायू लवकर निसटतो. दिशेसारख्या साध्या गोष्टीवर त्याचे आयुष्य अवलंबून असते.

५. मागच्या दारातून पुढे

गॅस स्ट्रटच्या प्रसाराला बॉनेटपेक्षा मोटारीचे मागचे दार अधिक कारणीभूत झाले. १९६१ ची रेनॉ ४, १९६५ ची रेनॉ १६ आणि १९७४ ची फोक्सवॅगन गोल्फ या मोटारींनी वर उघडणाऱ्या मागच्या दाराची मोटार लोकप्रिय केली. काचेसह जड असलेले हे दार रोज उघडावे लागते आणि ते उघडताना एक हात बहुधा सामानात गुंतलेला असतो. अशा वेळी सळई शोधून खाचेत अडकवणे कोणालाही मानवणारे नाही. एका हाताने उचलताच स्वतःहून वर जाणारे दार ही या मोटारींची निकड होती आणि गॅस स्ट्रट तीत चपखल बसला. मोठ्या संख्येने उत्पादन होऊ लागल्यावर तो बॉनेटसाठीही परवडू लागला.

येथे इतिहासातील एक विसंगती नजरेत भरते. ज्या दशकांत बॉनेटला हा सुखकर आधार मिळाला, त्याच दशकांत बॉनेट उघडण्याची गरज ओसरत गेली. इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन आले, इंधन फवारणीची प्रणाली आली, तेल बदलण्याचा अवधी लांबला. १९९९ ते २००५ या काळात तयार झालेल्या ऑडी ए-२ या मोटारीत तर बॉनेटला बिजागरीच नव्हती. तेल आणि पाणी भरण्यासाठी पुढे एक लहान झडप होती. संपूर्ण बॉनेट लागल्यास उचलून बाजूला काढून ठेवावे लागे. बॉनेट उघडणे हे मालकाचे काम नाही, असेच ही रचना सुचवते.

६. भारतीय संदर्भ

भारतात या प्रवासाची गती निराळी राहिली. १९५७ पासून तयार होऊ लागलेली आणि २०१४ पर्यंत चाललेली ॲम्बॅसडर, आणि मुंबईतील कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी, या मोटारींनी कित्येक दशके रस्त्यावर राज्य केले. द्रुतगती मार्ग पूर्ण होण्यापूर्वी बोरघाट चढताना तापलेल्या गाड्या कडेला लावून, बॉनेट उघडून, वाफ निवण्याची वाट पाहणारी कुटुंबे हे नेहमीचे दृश्य होते. पद्मिनी टॅक्सीची शेवटची नोंदणी मुंबईत २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली आणि वीस वर्षांची मुदत संपल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर ती टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली. त्या गाड्यांच्या चालकांसाठी बॉनेट उघडणे हा दिनक्रम होता.

डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ने हे चित्र पालटण्यास प्रारंभ केला. तिच्या हलक्या बॉनेटला सळईचा टेकूच होता आणि तो पुरेसा होता. २००० पासून कडक होत गेलेल्या उत्सर्जन-मानकांबरोबर प्रवासी मोटारींतून कार्ब्युरेटर मागे पडला आणि चालकाचा बॉनेटशी संबंध आणखी कमी झाला. परंतु बॉनेट उघडण्याचे काम नाहीसे झाले नाही. ते मालकाच्या हातून कारागिराच्या हाती गेले.

या साऱ्यात किमतीचा प्रश्न कसा गुंतला आहे, हे टाटा नॅनोवरून कळते. मार्च २००९ मध्ये बाजारात आलेल्या या मोटारीत आरंभी मागचे दार उघडतच नसे. उघडणारे दार म्हणजे बिजागऱ्या, कडी, सील आणि आधार; एक लाख रुपयांच्या उद्दिष्टात यांपैकी प्रत्येकाची किंमत मोजली जात होती. उघडणारे मागचे दार या मोटारीला २०१५ मध्ये मिळाले. झाकणाचा आधार ही निव्वळ यांत्रिक बाब नसते, हे यावरून ध्यानात येते.

गेल्या काही वर्षांत भारतीय बाजारात बॉनेटसाठी गॅस स्ट्रटचे सुटे संच मिळू लागले आहेत. मूळचा टेकू असलेल्या गाडीला ते बसवून घेण्याची हौस, विशेषतः उंच आणि जड बॉनेटच्या गाड्यांच्या मालकांत, वाढली आहे. म्हणूनच या बसवणीमागील हिशेब समजून घेणे अगत्याचे ठरते.

७. बसवणीचा हिशेब

समजा, एका बॉनेटचे वस्तुमान १६ किलोग्रॅम आहे, त्याचा गुरुत्वमध्य बिजागरीपासून अर्ध्या मीटरवर आहे आणि पुढची कड एक मीटरवर आहे. बॉनेट मिटलेले असताना त्याचे आघूर्ण सुमारे ७८ न्यूटन-मीटर भरते. ते ५० अंशांत उघडल्यावर गुरुत्वमध्य बिजागरीच्या जवळ सरकतो आणि आघूर्ण सुमारे ५० न्यूटन-मीटरवर येते. या स्थितीत स्ट्रटची रेषा बिजागरीपासून १५ सेंटिमीटर दूर असेल तर दोन स्ट्रटपैकी प्रत्येकाने सुमारे १६८ न्यूटन बल द्यायला हवे. थोडी राखीव ताकद धरून २०० न्यूटनचे स्ट्रट निवडणे योग्य ठरेल.

बॉनेट मिटलेले असताना मात्र स्ट्रटची रेषा बिजागरीच्या अगदी जवळून जाते. हे अंतर ४ सेंटिमीटर आणि आक्रसलेल्या स्ट्रटचे बल २६० न्यूटन धरल्यास दोघांचे मिळून आघूर्ण सुमारे २१ न्यूटन-मीटरच होते. म्हणजे सुरुवातीला हातालाच उचलावे लागते, पण आठ किलोऐवजी सहा किलोंचे ओझे जाणवते. बॉनेट जसजसे वर जाते तसतसा स्ट्रटचा हात लांबतो, भाराचा हात आखडतो आणि एका कोनानंतर ते आपोआप वर चढते. खालचा सांधा दोनचार सेंटिमीटर इकडेतिकडे झाला तरी हा सारा हिशेब बदलतो.

म्हणूनच ‘जेवढा जोरकस तेवढा बरा’ ही समजूत चुकीची आहे. गरजेपेक्षा अधिक बलाचा स्ट्रट मिटलेल्या बॉनेटला सतत वर रेटत राहतो. मूळ रचनेत टेकू एका बिंदूवर आणि केवळ उघडलेल्या स्थितीत भार घेत असतो. स्ट्रट मात्र चोवीस तास दोन कोपऱ्यांवर जोर लावतो. त्या जागी पत्र्याला आतून बळकटी नसेल तर कोपरे वाकतात, फटी असमान होतात, बिजागरी आणि कडी यांच्यावर ताण येतो. मजबुती असलेल्या जागी पट्ट्या बसवणे, दांड्याचे टोक खाली ठेवणे, दोन्ही स्ट्रट एकाच वेळी बदलणे आणि मूळचा टेकू काढून न टाकणे, या चार गोष्टी अनुभवी कारागीर कटाक्षाने पाळतो. वरील उदाहरणात उघडलेले बॉनेट धरून ठेवण्यास एकूण सुमारे ३३६ न्यूटन लागतात. जोडीतील एक निकामी झाला तर उरलेल्याचे २०० न्यूटन अपुरे पडतात.

८. न दिसणारी झीज

वायूच्या आधाराचा खरा दोष त्याच्या झिजेत आहे. सीलमधून वायू अतिशय मंद गतीने झिरपतो. दांड्यावर धूळ बसली, ओरखडा पडला किंवा कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेने गंज धरला की ही गती वाढते. टेकूची सळई वाकली तर दिसते. स्ट्रटमधील वायू एक पंचमांशाने घटला तरी त्याचे बाह्यरूप तसेच राहते.

त्यात तापमानाची भर पडते. ठरावीक आकारमानातील वायूचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतो. २० अंश सेल्सिअसला २०० न्यूटन देणारा स्ट्रट ४५ अंशांना २१७ न्यूटन देतो आणि १० अंशांना १९३. आता वरच्या उदाहरणातील स्ट्रटने आपला पाचवा हिस्सा वायू गमावला आहे असे समजू. नागपूरच्या मे महिन्यात तो सुमारे १७४ न्यूटन देईल आणि बॉनेट टिकून राहील. डिसेंबरमधल्या १० अंशांच्या पहाटे तो सुमारे १५५ न्यूटन देईल आणि तेच बॉनेट खाली येईल. इंजिनाच्या उष्णतेमुळेही हेच घडते. तापलेल्या गाडीचे बॉनेट धरून ठेवणारा स्ट्रट थंड गाडीचे सोडून देतो. उन्हाळाभर विश्वासाला पात्र ठरलेला आधार अशा रीतीने हिवाळ्यात दगा देतो, आणि तोही नेमका कोणीतरी डोके आत घालून काम करीत असताना.

या ठिकाणी कायद्याची दृष्टीही तपासण्यासारखी आहे. अमेरिकेत १९६६ च्या वाहन-सुरक्षा कायद्यानुसार जी मानके ठरली, त्यांतील ११३ क्रमांकाचे मानक बॉनेटच्या कडीविषयी असून ते १ जानेवारी १९६९ पासून लागू झाले. उघडल्यावर चालकाची दृष्टी अडवणाऱ्या, पुढून उघडणाऱ्या बॉनेटला कडीची दुसरी पायरी किंवा दुसरी कडी असलीच पाहिजे, असे ते सांगते. धावत्या गाडीचे बॉनेट उडून अपघात होऊ नये हा त्यामागील हेतू रास्तच आहे. मात्र उघडलेले बॉनेट कशावर टिकावे आणि तो आधार किती काळ भरवशाचा मानावा, याविषयी ते मानक मौन पाळते. रस्त्यावरील चालकाचा विचार त्यात आहे. बॉनेटखालील कारागिराचा नाही.

समारोप

बॉनेटच्या आधाराचा इतिहास सोयीच्या चढत्या आलेखाचा इतिहास म्हणून सांगता येईल, पण ते कथन अपुरे ठरेल. मॉडेल टीच्या चालकाला भार पेलावा लागत नव्हता, कारण झाकणच हलके होते. एकसंध बॉनेटने भार निर्माण केला, टेकूने तो उघडपणे पेलला, स्प्रिंगने तो तोलला आणि गॅस स्ट्रटने तो दृष्टीआड केला. या प्रत्येक पायरीवर हाताचे श्रम कमी झाले. श्रमांबरोबर डोळ्यांची साक्षही कमी झाली, आणि तिची जागा वेळापत्रकाने, म्हणजे ठरावीक काळाने तपासणी व बदल करण्याच्या शिस्तीने, घेणे आवश्यक होते. कंपन्यांच्या सुसज्ज कार्यशाळांत ती शिस्त पाळता येते. रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये, जुन्या गाड्यांवर काम करणाऱ्या कारागिरापर्यंत ती पोहोचत नाही.

तेथे काय घडते हे कोणत्याही गावात पाहायला मिळते. गॅस संपलेल्या स्ट्रटच्या गाडीखाली पुन्हा एक लाकडी दांडका उभा राहतो, किंवा गॅरेजमधला पोऱ्या दोन्ही हातांनी बॉनेट धरून उभा राहतो आणि उस्ताद आत वाकतो. तीनशे वर्षांच्या विज्ञानाने माणसाच्या हातून काढून घेतलेला भार अशा वेळी सर्वांत कमी वेतन मिळवणाऱ्या हातांवर परत येतो. गॅस स्ट्रट बसवताना जुना टेकू जागेवर राहू द्यावा, या कारागिरांच्या साध्या सूचनेचे मोल या पार्श्वभूमीवर समजून घेतले पाहिजे.